कप आला, आई नाही

"मॅडम, घरातलं घरातच राहिलं पाहिजे हो. बाहेर कळलं तर हिचं लग्न कसं जमायचं?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. ऋताच्या आईंकडून ते आलं (नाव-गाव बदललंय), तेव्हा कारण मात्र नवं होतं. ऋताला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उधाणात तर कधी नैराश्यात नेणारा आजार. गोळ्या नियमित, आठ महिने तब्येत स्थिर. फोटोग्राफी शिकणाऱ्या या मुलीने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी स्वतःच्याच नैराश्याच्या दिवसांचे बारा फोटो निवडले होते. गिरगावातली दोन खोल्यांची जागा, तीच खाट, तीच खिडकी. एका फोटोत साबुदाण्याचा डबा आणि त्यात खुपसलेली गोळ्यांची पाकिटं. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ती तिथे आईंनीच ठेवलेली.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. 'लोकांनी नावं ठेवू नयेत' ही इच्छा आणि 'ठेवताच कामा नयेत' हा हट्ट, यातला फरक समजावण्यात माझी वीस वर्षं गेली. आईंपुढे तो चालला नाही. "तुम्हाला आमची चाळ माहीत नाही," म्हणाल्या. तेही खरंच होतं.

चौथ्या भेटीला मी ऋताला फोटो घेऊन बोलावलं आणि टेबलावर मांडायला सांगितले. आईंनी एक उचलला. अंधारलेली खोली, खाटेवर भिंतीला टेकलेली ऋता, समोर स्टुलावर चहाचा कप. बाकी कुणी नाही.

"एकटीच दाखवलीयस. मी काय मेले होते?"

"तू होतीस ना. शटर ३० सेकंद उघडं होतं. तू आलीस, कप ठेवलास, गेलीस. हलणारं माणूस त्यात उमटत नाही गं. कप उमटला."

आईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे मी होते."

"होतीस. मला तेव्हा दिसत नव्हतीस, एवढंच."

मी गप्प बसले. कधी गप्प बसायचं एवढं मला कळतं, असं म्हणायला हरकत नाही. आपलं कुठे चुकलं, हा प्रश्न तीन वर्षं उशाशी घेऊन झोपलेल्या बाईला उत्तर मिळालं, तेही मी दिलेलं नाही. त्यानंतर 'लोक' हा शब्द त्या भेटीत पुन्हा आला नाही.

मनोरुग्णांचे फोटो काढणं नवं नाही. इंग्लंडमधल्या सरे इथल्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू डायमंड १८५० च्या दशकात रुग्ण स्त्रियांचे फोटो काढत; चेहऱ्यावरून वेडाचा प्रकार ओळखता येतो, अशी त्यांची समजूत. कॅमेरा डॉक्टरच्या हातात, बाई समोर. १९८० च्या दशकात जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंनी कॅमेरा स्वतःकडेच वळवला आणि आजारी शरीर, जुनी दुखणी स्वतः मांडली. बटण कुणाच्या बोटाखाली आहे, यावर सगळं ठरतं असं मला वाटतं. कलंक बाहेरून चिकटवलेला असतो. स्वतः काढलेल्या फोटोत निदान मथळा तरी आपला असतो.

म्हणून 'दाखवू का?' असं कुणी विचारलं की मी आधी तब्येत विचारते. उधाणाच्या दिवसांत घेतलेला निर्णय महिनाभर बाजूला ठेवा, मनोविकारतज्ज्ञांशी बोला. फोटो काढताय म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. भिंतीवरचा फोटो चार दिवसांनी उतरतो, इंटरनेटवरचा उतरत नाही, हे लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं, मावशीने नाही. मात्र जिच्याशी किंवा ज्याच्याशी संसार मांडायचा, त्या माणसाला लग्नाआधी सांगाच. लपवून जमवलेली लग्नं माझ्याच खोलीत येऊन रडतात. आणि घरच्यांचं काही दाखवणार असाल तर त्यांनाही विचारा.

ऋताने विचारलं. आईंनी अकरा फोटोंना होकार दिला, डब्याला नाही. ऋताने वाद घातला नाही.

प्रदर्शनाला मी गेले. अकरा फोटो, आणि बाराव्याच्या जागी भिंतीवर नुसता खिळा. आई त्या खिळ्यासमोर पर्स छातीशी धरून बराच वेळ उभ्या होत्या.