रेस अडकते, खाली येत नाही

या वेळची पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गाड्या वेगवेगळ्या, वर्षं वेगवेगळी, पण बहुतेकांची तक्रार तीच : ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन शांत होत नाही.

प्रश्न : माझी १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. पाय काढल्यावर रेस कधी सावकाश उतरते, कधी तशीच वर राहते. अशा वेळी पॅडल बोटांनी वर उचललं तर ढिलं लागतं, पण रेस कमी होत नाही. पुन्हा एकदा दाबून सोडलं की उतरते. मिस्त्रींनी केबलमध्ये ऑइल सोडलं. दोन आठवडे बरं होतं, मग पुन्हा तेच. आता ते कार्बोरेटर बदला म्हणतात. बदलू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एवढ्यात नको. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. केबल ओढू शकते, ढकलू शकत नाही. पॅडल ढिलं होऊन वर येतं आणि रेस मात्र वरच राहते, याचा अर्थ पॅडलची पिन मोकळी आहे आणि खालची मॅटही अडकत नाहीये. उरल्या दोन जागा : केबल, नाहीतर कार्बोरेटरचा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटणारी चकती) ज्यावर फिरतो तो स्पिंडल. या दोहोंतली कुठली, हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात. ते ठरायच्या आधी कुठेही काही फवारू नका. फवारलं की दोष चार दिवस लपतो आणि निदान चुकतं.

इंजिन बंद करा आणि एअर क्लीनर उतरवा. कार्बोरेटरवरची लिव्हर हाताने उघडी धरली की केबल सैल पडते. मग तिच्या टोकाची गोळी खाचेतून बाजूला काढा. आता लिव्हर पूर्ण उघडून एकदम सोडा. ती ‘टक्’ आवाज करत थेट स्टॉपवर, म्हणजे तिला अडवणाऱ्या खुंटीवर, येऊन बसली पाहिजे. त्यानंतर दोन-तीन मिलिमीटरच उघडून सोडा. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि चिकटा असतो तो नेमका तिथेच, बटरफ्लाय मिटायच्या शेवटच्या टप्प्यात. हेच इंजिन गरम असतानाही एकदा करा (हात जपून), कारण काही स्पिंडल गार असताना मोकळे आणि तापल्यावर जड होतात.

लिव्हर दोन्ही वेळा ठणठणीत परतली तर दोष केबलचा. सोडलेल्या टोकाशी केबल बोटांनी हलकी ताणून धरा आणि दुसऱ्या कुणाला पॅडल हळूहळू दाबून सोडायला सांगा. केबल सरसर सरकायला हवी. खरखर लागली, मध्येच अडखळली किंवा परतताना जड वाटली तर ती बदलायचीच. दोन्ही टोकांशी, गोळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, नीट उजेडात पाहा : तारेचा पीळ उसवून एखादा बारीक धागा बाहेर आलेला दिसेल. असा तुटका धागा बाहेरच्या नळीत रुततो. जाताना सरकतो, येताना अडतो. तुमची दाबून सोडल्यावर रेस उतरण्याची खूण याच्याशी जुळते. किनाऱ्याच्या दमट खाऱ्या हवेत केबल आतून गंजतेही. ऑइल टाकलं की तो गंज थोडा धुऊन निघतो म्हणून बरं वाटतं. मग त्याच ऑइलला धूळ चिकटते आणि आत लगदा होतो.

केबल ही काही महागडी वस्तू नाही, तिची डागडुजी करत बसू नका. नवी घेताना जुनी दुकानात घेऊन जा. आतल्या तारेची आणि बाहेरच्या नळीची, दोन्ही लांबी जुळवा. नळी सेंटिमीटरभर जरी लांब आली तरी वळण चुकतं. बसवताना जुन्या केबलचा मार्ग आधी मोबाइलवर टिपून ठेवा. एक्झॉस्टपासून लांब, बॅटरीच्या वायरींत न गुंतणारं, मोठ्या गोलाईचं वळण हवं. तीव्र कोनात वाकवलेली नवी केबलही अडकते. केबलला आतून प्लास्टिकचं अस्तर असेल तर ऑइल नको, ग्रीस तर नकोच. ती कोरडीच चालते. गोळीला आणि पॅडलच्या पिनेला मात्र ग्रीसचा बोटभर हात द्या.

शेवटी ॲडजस्टमेंट. नळीच्या टोकाशी आट्यांवर दोन नट असतात, ते सैल करायला बहुधा १० आणि १२ नंबरचे पाने लागतात. पॅडल मोकळं असताना कार्बोरेटरजवळ केबल बोटाने दाबली की साधारण तीन ते पाच मिलिमीटर खाली गेली पाहिजे. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण. केबल तंग ठेवली तर इंजिन तापल्यावर आयडलिंग (पॅडल न दाबता असलेला इंजिनचा वेग) वर चढतं आणि लोक आयडलचा स्क्रू पिळत बसतात. मग एकाने पॅडल तळाशी दाबावं, दुसऱ्याने बटरफ्लाय सरळ उभा होतो का ते पाहावं. एअर क्लीनर परत बसवून ही तपासणी पुन्हा करा, कारण क्लीनरचा खालचा काठ किंवा एखादी रबरी नळी लिव्हरच्या वाटेत येण्याचे प्रकार होतात.

लिव्हरच जड निघाली तर ही पुढची गोष्ट. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, गाडी उघड्यावर ठेवा, जवळपास विडी-सिगारेट नको. कार्बोरेटर क्लीनरचा डबा आणि त्याची बारीक नळी घ्या. स्पिंडलच्या दोन्ही बाहेरच्या टोकांवर थोडं थोडं मारा, लिव्हर वीस-तीस वेळा उघडा-मिटा, कापडाने पुसा, पुन्हा मारा. मग बटरफ्लाय उघडा धरून त्याची कड आणि बॅरलची (तो बसतो त्या हवेच्या नळीची) भिंत पुसून घ्या. दोन बॅरल असतील तर दोन्हीकडे. धार सोडून कार्बोरेटर न्हाऊ घालू नका. आतले रबरी पडदे (डायफ्राम) फुगतात. बटरफ्लायच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावायचा नाही. ते ठोकून पक्के केलेले असतात, एकदा सैल केले की इंजिनमध्ये पडायची भीती. वास पूर्ण गेल्याशिवाय स्टार्टर मारू नका. स्पिंडलच्या टोकांना शिलाई मशीनच्या ऑइलचा एकेक थेंब पुरे.

एवढं करूनही तापल्यावर अडकत असेल तर कार्बोरेटरखालचे नट पाहा. पॅकिंगमधून हवा खेचते म्हणून कुणीतरी ते जीव खाऊन आवळलेले असतात. फ्लँज (कार्बोरेटरची खालची चपटी कड) वाकते आणि बटरफ्लाय भिंतीला घासतो. नट सैल केल्यावर लिव्हर मोकळी झाली तर कारण सापडलं. नवं पॅकिंग घाला आणि नट आळीपाळीने, बेताने आवळा. कार्बोरेटर बदलायची वेळ येते ती स्पिंडलची भोकंच झिजून तो हातात खडखडू लागला तर.

प्रश्न : २००४ची छोटी पेट्रोल गाडी, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी), केबलचा ॲक्सिलरेटर. सिग्नलवरून निघताना पहिला दाब अडतो आणि मग गाडी एकदम उडी मारते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बटरफ्लाय बंद होतो त्या रेषेवर काजळीचं कडं जमलंय. क्रँककेसमधली (इंजिनच्या तळाच्या पेटीतली) ऑइलची वाफ इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) येते आणि तिथे थापली जाते. थ्रॉटल बॉडी (बटरफ्लाय बसवलेला भाग) साफ करायचा क्लीनर मऊ कापडावर घेऊन कडा पुसा, खरडू नका. काही थ्रॉटल बॉडींना तिथे कारखान्यातूनच काळा लेप दिलेला असतो, तो मळ समजून काढला तर आयडलिंग कायमचं बिघडतं. स्टॉप स्क्रू जागचा हलवायचा नाही. साफसफाईनंतर आयडलिंग थोडे दिवस चढं राहू शकतं, कारण कॉम्प्युटरने मळलेल्या थ्रॉटलचा हिशेब शिकून ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनल पंधरा मिनिटं काढून ठेवलं की तो विसरतो. आधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा. केबल नसलेल्या, मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलमध्ये इग्निशन चालू असताना बोट घालू नका.

प्रश्न : जुनी पेट्रोल जीप. रेस परतत नव्हती म्हणून फिटरने आणखी एक जाड स्प्रिंग लावून दिली. आता परतते. चालेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चालेल, पण पाय दुखेल आणि स्पिंडल लवकर झिजेल. एक स्प्रिंग तुटली तर दुसरीने थ्रॉटल मिटवावा म्हणून दोन स्प्रिंगा लावणं वेगळं, आणि अडकलेला सांधा जोराने ओढण्यासाठी लावणं वेगळं. तुमच्या जीपमध्ये केबल नसून रॉड आणि कोपऱ्यावरच्या लिव्हर असतील तर प्रत्येक सांधा सुटा करून फिरवून पाहा. वाकडा झालेला रॉड फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकाला घासतो, तिथे रंग उडून चकचकीत ओरखडा दिसतो. गोळीचे सांधे पेट्रोलने धुवा, ग्रीस द्या, झिजलेले बदला. इंजिनचं माउंटिंग रबर बसलं असेल तर इंजिन हललं की रॉड आपोआप ओढला जातो, तेही पाहा. मग जाड स्प्रिंग काढून मूळ मापाची लावा.

प्रश्न : चालत्या गाडीत, तेही घाटात रेस अडकली तर आधी काय करायचं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. ब्रेक एकदाच, जोरात आणि धरून ठेवून लावा. थ्रॉटल उघडा असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम (हवेची ओढ) जवळजवळ नसतो, त्यामुळे ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच. पंप करत राहिलात तर पॅडल दगडासारखं होतं. गाडी ताब्यात येताच किल्ली एक घर मागे फिरवा, इंजिन बंद होईल. चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. ब्रेक कमी पडले तर हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा थोडा ओढा. गाडी थांबल्यावर पहिल्यांदा पायाखालची मॅट पाहा. एकावर एक टाकलेल्या दोन मॅट हे याचं नेहमीचं कारण. वरची काढून डिकीत टाका. मॅट जागेवर असेल तर मात्र गाडी टो करूनच न्या.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की दोन-तीन मिनिटं रेस आपोआप वर असते, मग उतरते. केबल बदलू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नको. गार इंजिनसाठीची ती सोय आहे (कार्बोरेटरवाल्या गाडीत चोक), काम नीट करतेय. चोकची दांडी हाताने ओढायची असेल तर ती पूर्ण आत जाते का, एवढं बघा.