जगातल्या दुःखाचं आपण काय करायचं, या तुझ्या प्रश्नाला उत्तर

तुझा मेसेज मिळाला. सुदान, गाझा, म्यानमार, सगळं एका दमात लिहून शेवटी एवढंच विचारलंयस की आपल्यासारख्या साध्या माणसांनी यात करायचं तरी काय. उत्तर थोडं थोडं करत लिहिलंय त्यामुळे विस्कळीत असेल, चालवून घे.

आधी जरा नावडेल असं सांगते. सगळ्यांसाठी काहीतरी करू म्हटलं की कुणासाठीच काही होत नाही. जबरदस्तीने घरदार सोडावं लागलेली माणसं आज जगात साधारण 12 कोटी आहेत, हा आकडा कुणाच्याच डोक्यात मावत नाही आणि तो मावला पाहिजे म्हणून झोप घालवण्यातही अर्थ नाही. एक देश निवड, नाहीतर एक प्रश्न, पत्रकारांना होणारी अटक म्हण, सुरुंग म्हण, निर्वासितांच्या मुलांचं शिक्षण म्हण, आणि किमान वर्षभर तो सोडू नकोस. कुठला निवडू याचा काथ्याकूट फार नको, सगळ्यात जास्त गरज नक्की कुठे आहे हे शोधत बसलं तर शोधच चालू राहतो.

वर्षभर का, तर सप्टेंबर 2015 आठव. तुर्कीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या त्या लहान सीरियन मुलाचा फोटो जगभर फिरला, सगळे हळहळले, स्वीडनमध्ये रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांसाठीच्या फंडात देणग्यांचा नुसता पूर आला, आणि काही आठवड्यांत तो ओसरलाही. युद्ध सुरूच होतं, फक्त फोटो जुना झाला. पण नंतर अभ्यासकांनी ते आकडे तपासले तेव्हा दिसलं की त्या दिवसांत ज्यांनी दर महिन्याला पैसे द्यायचं ठरवलं होतं ते बहुतेक टिकून राहिले. म्हणजे रडू येतंय तेव्हा एकदम मोठी रक्कम टाकण्यापेक्षा, जाणवणारही नाही एवढी छोटी रक्कम दर महिन्याला आपोआप जाऊ दे. परदेशात पैसे पाठवण्याचे तुझ्या देशातले नियम मात्र आधी बघून घे.

आणि शक्य असेल तर त्या पैशांवर अट घालू नकोस, की हे फक्त अमुक संकटालाच वापरा. डिसेंबर 2004 ची त्सुनामी आली तेव्हा जगभरातून इतका पैसा आला की डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने थोड्याच दिवसांत जाहीर सांगून टाकलं, त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसं जमलंय, आता द्यायचं असेल तर इतर कामांसाठी द्या. चक्क नको म्हणाले! बऱ्याच लोकांना राग आला, पण कॅमेरा नसलेल्या ठिकाणीही माणसं मरतच होती ना. ‘संस्थेचा ऑफिसखर्च किती टक्के’ हा प्रश्न सगळे विचारतात, विचार तूही, पण त्यावरच अडू नकोस. ट्रकचा ड्रायव्हर, हिशोब ठेवणारा, वायरलेस सांभाळणारा, यांच्याशिवाय औषध पोचत नाही. त्यापेक्षा ऑडिट झालेला हिशोब वेबसाइटवर आहे का, आणि काय जमलं नाही हेही त्यांनी लिहिलंय का, ते बघ.

वस्तू पाठवू नकोस. यावर तू वाद घालशील म्हणून सविस्तर सांगते. डिसेंबर 1988 मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला आणि जगभरातून सुमारे 5,000 टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. काही आधीच एक्स्पायर झालेलं, काही थंडीने गोठून वाया गेलेलं, वेष्टनांवर एकवीस भाषा, बरीचशी नुसती ब्रँडची नावं, आत नक्की काय आहे ते तिथल्या डॉक्टरांनाही कळेना. काय काय आलंय याचा नीट अंदाज यायलाच 50 माणसांना 6 महिने लागले आणि शेवटी 20 टक्के औषधं नष्ट करावी लागली. पाठवणाऱ्यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण तिथल्या लोकांनी मागितलं काय, हे विचारायच्या आधीच खोकी बांधून झाली होती. पैसे पाठवले की सामान जवळच्या बाजारातून घेता येतं, तिथले दुकानदारही तगतात, आणि रोख रक्कम थेट कुटुंबाच्या हातात दिली तर आधी भाडं भरायचं की मुलाचं औषध आणायचं हे त्यांचं ते ठरवतात.

आता पत्रं, म्हणजे अन्यायाने तुरुंगात टाकलेल्या माणसांसाठी तिथल्या सरकारला लिहायची. हे माझ्या जिव्हाळ्याचं काम, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार. पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलाने मे 1961 मध्ये विसरल्या गेलेल्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून अॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांची संस्था उभी राहिली. सुरुवातीला तिच्या सभासदांच्या प्रत्येक गटाला तीन कैदी दत्तक मिळायचे, एक पाश्चात्त्य गोटातल्या देशातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक तिसऱ्या जगातला. मला ही युक्ती फार आवडते, कारण आपला संताप नेहमी आपल्याला न आवडणाऱ्या सरकारांवरच निघतो, आवडत्या सरकारने तेच केलं की आपल्याला लगेच ‘परिस्थिती गुंतागुंतीची’ दिसायला लागते. तूसुद्धा स्वतःला ही तिघांची अट घालून बघ.

1973 मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने लुईझ बाझिलियो रॉसी या प्राध्यापकाला उचललं, आणि त्याच्यासाठी अॅम्नेस्टीने पहिली अर्जंट अॅक्शन काढली, म्हणजे ताबडतोब पत्रं पाठवा असं जगभरच्या लोकांना केलेलं आवाहन. पत्रं यायला लागली. केस जगजाहीर झालीय, आता आपल्याला मारून गुपचूप संपवता येणार नाही, हे आपल्याला कळून चुकलं असं त्याने नंतर सांगितलं. पत्रं वाचून तुरुंगाधिकाऱ्याचं मन द्रवतं अशातला भाग नाही. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे एवढं त्याला कळतं, आणि बरेचदा तेवढ्याने फरक पडतो.

लिहायचं कसं, तर छोटं. ज्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला लिहायचं त्याचा हुद्दा आणि मायना बरोबर हवा, कितीही राग आला असला तरी ‘महामहिम’ लिहायचं. कैद्याचं पूर्ण नाव, अटकेची तारीख, कुठे ठेवलंय ते. मग मागणी, तीही नेमकी, म्हणजे वकिलाला भेटू द्या, डॉक्टर द्या, घरच्यांना कळवा, किंवा बिनशर्त सोडा. त्यांच्या राजकारणावर शेरे नाहीत, धर्मावर नाहीत, आणि संस्थेने दिलेल्या माहितीबाहेरचं एक अक्षर नाही, कारण तुझी एक ऐकीव गोष्ट त्या माणसाला आत महागात पडू शकते. पत्र पाठवायला संस्थेने दिलेली मुदत उलटून गेली असेल तर आधी त्यांना विचारायचं, मग पाठवायचं. एक प्रत त्या देशाच्या दूतावासाला. उत्तर येईल अशी आशा ठेवू नकोस, बहुतेक वेळा येतच नाही.

काम करता करताही करण्यासारखं असतं. जुलै 1984 मध्ये डब्लिनमधल्या एका सुपरमार्केटमध्ये कॅशवर बसणारी 21 वर्षांची मेरी मॅनिंग, तिच्या युनियनने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेचा माल विकायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून तिने तिथून आलेल्या दोन ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. तिला निलंबित केलं, काही सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले आणि संप जवळपास पावणेतीन वर्षं चालला. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यातल्या बहुतेकांना वर्णभेदाबद्दल फारसं माहीतही नव्हतं, दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेला निम्रॉड सेजाके त्यांच्याबरोबर उभा राहायला लागला आणि त्याने फुटपाथवरच सगळं शिकवलं. 1987 मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळं-भाज्यांवर बंदी घातली. म्हणून सगळं वाचून तज्ज्ञ झाल्यावर सुरू करीन असं म्हणू नकोस, पण ज्याने भोगलंय तो बोलत असेल तर आपण गप्प बसून ऐकायचं.

पैसे नसतील आणि पत्रं जमत नसतील तर मिसिंग मॅप्स हा स्वयंसेवकांचा नकाशे बनवण्याचा उपक्रम बघ. 2014 पासून चाललंय, उपग्रहाच्या चित्रावर घरं आणि रस्ते आखायचे आणि ते ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या ऑनलाइन नकाशावर जातात, मग साथ आली किंवा पूर आला की नकाशावर आधी नसलेल्या गावातही मदतवाले वाट काढू शकतात. लॅपटॉप आणि मोकळा तास पुरतो, नवशिक्यांचं काम दुसरे तपासतात. कंटाळवाणं आहे हां, पण त्या कामाला मोल आहे.

शेअर करण्याबद्दल थोडंच. फोटो फॉरवर्ड करायच्या आधी रिव्हर्स इमेज सर्च कर, म्हणजे तो फोटोच टाकून तो आधी कुठे आलाय ते शोध, जुन्या युद्धाचे फोटो नव्या युद्धाच्या नावाने सर्रास फिरतात आणि मग खऱ्या पुराव्यावरही लोक विश्वास ठेवेनासे होतात. आंदोलकांचे ओळखू येणारे चेहरे तर टाकूच नकोस, तोच फोटो पोलिसही बघत असतात.

आणि रात्री जागून व्हिडिओ बघणं बंद कर, त्याने तिकडे कुणाचंच भलं होत नाही. कुठला देश घेतलास ते कळव. पहिलं पत्र लिहिलंस की पाठवायच्या आधी मला दाखव, पहिल्या पत्रात विशेषणं फार पडतात, ती आपण दोघं मिळून काढू.