पतसंस्थेच्या सभेत सगळे विषय न वाचताच ‘सर्वानुमते मंजूर’ होतात. साधा सभासद काय करू शकतो?

कागदपत्रं मागा आणि बरोबरीचे सभासद गोळा करा. साध्या सभासदाची खरी ताकद या दोन गोष्टींत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ३२ प्रमाणे उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त तुम्ही संस्थेच्या कार्यालयात बसून फुकट पाहू शकता. प्रती हव्या असतील तर ठरलेली फी भरा. अर्ज तोंडी नको. दोन प्रती काढा, एकीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या, कारण पुढे उपनिबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे) जायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागतात.

दुसरं हत्यार कलम ७६ चं, आणि ते फार कमी लोक वापरतात. एक-पंचमांश सभासदांनी (उपविधीत त्याहून कमी संख्या असेल तर तेवढ्यांनी) सह्यांनिशी लेखी मागणी केली, की एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. टाळाटाळ झाली तर निबंधक ती बोलावू शकतात. मागणीत विषय नेमका लिहा: ‘कारभाराबाबत चर्चा’ असं मोघम नको, ‘इमारत दुरुस्तीच्या खर्चाचा तपशील सादर करणे’ असं हवं. सभेत विरोध असेल तर ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ असं उभं राहून सांगा.

एक मर्यादा मात्र आहे: दुसऱ्या सभासदाचं कर्जखातं कलम ३२ खाली पाहता येत नाही, वहीतल्या नोंदी फक्त स्वतःच्या व्यवहारांच्या मिळतात.