मैत्रिणीचे कर्ज आणि जामिनाची सही

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. माझी बालमैत्रीण आणि तिचे यजमान तालुक्याच्या गावी हार्डवेअरचे दुकान चालवतात. चार वर्षांपूर्वी दुकान वाढवावे का, असे तिने मला विचारले, तेव्हा मीच उत्साहाने ‘खुशाल कर्ज काढ, मी आहे’ असे म्हटले आणि गावातील पतसंस्थेच्या ३ लाखांच्या कर्जाला जामीन राहिले. गेल्या वर्षी हप्ते थकले, नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली आणि मला २२ हजार रुपये भरावे लागले. त्यांपैकी निम्मे तिने परत केले. आता जुने कर्ज मिटवून ५ लाखांचे नवे कर्ज घ्यायचे आहे व त्यासाठी तिला पुन्हा माझी सही हवी आहे. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पंधरा दिवस हिनेच माझे घर सांभाळले होते. शिवाय पहिला सल्ला माझाच होता. अशा वेळी नाही म्हटले तर मी कृतघ्न ठरेन का?

उत्तर : कृतघ्न ठरणार नाही, आणि नव्या कर्जाला तुम्ही जामीन राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची मैत्रीण अप्रामाणिक आहे असे मला मुळीच वाटत नाही. ओढाताणीतही तिने निम्मे पैसे परत केले, यातच तिची दानत दिसते. परंतु तुम्ही सही करता ती तिच्या चांगुलपणाची साक्ष म्हणून, आणि पतसंस्थेच्या कागदावर ती उमटते ती तुमच्या स्वतःच्या देण्याची कबुली म्हणून. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी तिच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या’ असे म्हणण्याची सोय त्यात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्थेला सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळाला, की दिवाणी दाव्याच्या लांबलचक वाटेने न जाताही जप्तीपर्यंत मजल जाऊ शकते. दुकानाचा गल्ला कधी भरतो, कधी रिकामा राहतो. तुमचा पगार मात्र दरमहा बँकेत जमा होतो, म्हणून वसुलीचा तगादा तुमच्याकडे लवकर वळतो.

मी काही वर्षे एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर काम केले आहे. कर्जाची रक्कम किती आणि मुदत किती, हेही न विचारता केवळ शब्दाखातर सही करून गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पुढे नोटीस हातात घेऊन रडणारीही त्यांतलीच पाहिली आहेत. म्हणून तुम्ही निदान आकडा तरी समोर ठेवावा. दरसाल दर शेकडा १४ व्याजाने ५ वर्षांसाठी ५ लाख घेतले, तर महिन्याचा हप्ता ११,६०० रुपयांच्या वर जातो. ३ लाखांचा हप्ता ज्या दुकानाला पेलला नाही, त्याला हा कसा पेलणार? जुने कर्ज मिटवण्यासाठी नवे काढणे, ज्याला आपल्याकडे ‘नवे-जुने करणे’ म्हणतात, त्याने थकबाकी कागदावर दिसेनाशी होते, पण दुकानाची मिळकत त्यामुळे एका रुपयानेही वाढत नाही.

आता तुमच्या मनाला खरी टोचणी आहे ती पहिल्या सल्ल्याची. मागितलेला सल्ला मनापासून दिला, म्हणजे त्याच्या फळाची हमी घेतली असे होत नाही. निर्णय तिचा आणि तिच्या यजमानांचा होता, व्यवसायही त्यांचाच आहे. तरीही तुमची एक चूक झाली, ती मला सांगितली पाहिजे. दुकानाची उधारी किती अडकली आहे, माल किती पडून आहे, हे न पाहता तुम्ही ‘काढ’ म्हणालात, आणि त्याच दमात ‘मी आहे’ असेही म्हणालात. सल्ला आणि आश्वासन यांची ही गाठ तेव्हाच पडली. ती सोडवायची असेल तर तिला सरळ सांगा, की त्या वेळी मी हिशेब न पाहता बोलले, ते माझे चुकले. एवढी कबुली पुरेशी आहे. त्या चुकीची भरपाई ५ लाखांच्या जामिनाने करण्याचे कारण नाही.

पंधरा दिवसांच्या उपकाराचे म्हणाल, तर तो उपकार खरा आहे आणि तो विसरू नये. मात्र तिने तेव्हा जे दिले ते तिच्या आवाक्यातले होते: वेळ, कष्ट, माया. तुम्हीही आवाक्यातले द्यावे. तिच्या मुलाची वर्षाची फी भरणे तुम्हाला झेपत असेल तर ती थेट शाळेत भरा आणि परतफेडीची अपेक्षा ठेवू नका. त्याहून उपयोगाचे म्हणजे चार रविवार तिच्याबरोबर बसून उधारीची वही उघडा, येणे असलेल्यांची यादी करा, आणि नवे कर्ज मागण्याऐवजी जुन्याच कर्जाचे हप्ते लहान करून मुदत वाढवून मिळेल का, हे विचारायला तिला पतसंस्थेत पाठवा. ही मुदतवाढ तुमच्या जामिनाच्या कर्जाची आहे, म्हणून त्याचे कागद वाचल्याशिवाय संमती देऊ नका.

नकार देताना ‘ह्यांना विचारून सांगते’ किंवा ‘शाळेतून परवानगी मिळत नाही’ अशी सबब पुढे करू नका. सबबीवर उपाय शोधता येतो. ती तुमच्या यजमानांना भेटायला येईल, मुख्याध्यापकांना गळ घालील, आणि शेवटी तुमच्या घरच्यांनाच वाईटपणा येईल. तिच्या घरी जा, शक्य तर ती एकटी असताना, आणि सांगा : “मी नव्या कर्जाला सही करणार नाही. जुन्या कर्जावर माझी सही आहे, ती मी नाकारत नाही. बाकी काय करता येईल ते आपण आजच बसून पाहू.” ती रागावेल, कदाचित रडेलही. त्या क्षणी विरघळून ‘बरं, बघू’ म्हणू नका, कारण त्या दोन शब्दांच्या भरवशावर ती दुकानदारीतले पुढचे व्यवहार ठरवून बसेल.

जुन्या कर्जाबाबत मात्र या आठवड्यातच हालचाल करा. नव्या कर्जाला नकार दिल्याने जुना जामीन सुटत नाही, आणि ते कर्ज फिटल्याशिवाय किंवा पतसंस्थेने तुमच्या जागी दुसरा जामीनदार स्वीकारल्याशिवाय तुम्हाला त्यातून सहसा बाहेर पडता येणार नाही. लेखी अर्ज देऊन कर्जाचा खातेउतारा आणि जामीनपत्राची प्रत मागा. तुमच्याबरोबर आणखी कोणी जामीनदार आहे का तेही पाहून घ्या, कारण वेगळे काही ठरलेले नसल्यास सहजामीनदारांनी भार समान वाटून घ्यायचा असतो. तुम्ही भरलेल्या २२ हजारांच्या पावत्या जपून ठेवा. ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो. राहिलेले ११ हजार सोडून द्यायचे की मागायचे, हे तुम्ही ठरवा, पण नकाराच्या दिवशी तो विषय काढू नका, नाहीतर तुम्ही त्या पैशांसाठीच अडून बसला आहात असा तिचा समज होईल.

ती काही महिने बोलणार नाही, हे धरूनच चाला. येत्या संक्रांतीला तिचे बोलावणे आले नाही, तरी तिळगूळ घेऊन तिच्या घरी तुम्ही जा.