जुन्या टाटा-मर्सिडीजला टायर शोधताना

जुना टाटा-मर्सिडीज ट्रक जपताय आणि त्याला टायर कुठले घ्यावेत विचारताय, अभिनंदन! टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या भागीदारीतला (१९५४ ते १९६९) ट्रक जपणारी माणसं फार थोडी उरली आहेत. टायरची काळजी करू नका. ९.००-२० मापाचे (साधारण ९ इंच रुंद, २० इंची चाकाचे) नायलॉन टायर, म्हणजे तिरप्या धाग्यांचे जुन्या पद्धतीचे टायर, आपल्याकडे अजून नवे मिळतात.

दुकानात जाण्याआधी चाकाखाली वाका आणि डिस्कवर (टायर बसतो त्या लोखंडी रिमवर) कोरलेलं माप वाचा. जुन्या टायरवरचं माप बघून खरेदी करू नका, कारण मधल्या मालकाने काय चढवलं असेल सांगता येत नाही. ९.०० ला साधारण ७ इंची डिस्क लागते, १०.०० ला साडेसात. 'एक नंबर मोठा चालेल' असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. मागच्या जोडचाकांत टायर एकमेकांना घासतात.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:
- नक्षी खोल दिसली म्हणून जुना पडीक टायर घेणं. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
- एकाच अॅक्सलवर नायलॉन आणि रेडियल (आडव्या धाग्यांचे नव्या पद्धतीचे टायर) मिसळणं.
- पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) लावणं. पुढचे दोन कायम नवेच घ्या.
- नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) घालणं.

आणि कळकळीने सांगतो, लॉक रिंगची (टायर जागेवर धरून ठेवणाऱ्या सुट्या लोखंडी कड्याची) डिस्क घरी उघडू नका. हवा भरताना रिंग सुटली तर जीव जातो. ट्रकचंच काम करणारा, पिंजऱ्यात चाक ठेवून हवा भरणारा टायरवाला शोधा. गंजलेली किंवा वाकलेली रिंग सरळ बदला.

डिस्कवरचं माप आधी कळवा, मग प्लाय रेटिंगचं (टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचं) बोलू.