खडीचा क्रश आणि मनातला क्रश

प्रश्न असा आहे की खडी क्रशरमधला क्रश आणि 'ती माझी क्रश आहे' यातला क्रश हा एकच शब्द का, आणि क्रश ही जर भावना असेल तर माणसालाच क्रश म्हणणं ही हल्लीच्या पोरांची चूक नाही का?

शब्द एकच. जुन्या फ्रेंचमध्ये क्रुइसिर म्हणून क्रियापद होतं, करकर दात खाणे, कडाकडा मोडणे अशा अर्थाचं, ते चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं आणि चिरडणे, चुरा करणे या अर्थाने रुळलं.

प्रेमाचा अर्थ मात्र बराच नंतरचा आणि अमेरिकेतला, आणि मला खरी मजा वाटते ती इथे, कारण तेव्हा तिकडे प्रेमात पडण्याला सगळे मोडतोडीचेच शब्द चालायचे. व्हासार हे न्यूयॉर्क राज्यातलं तेव्हाचं फक्त मुलींचं कॉलेज, तिथे एखादी मुलगी दुसरीवर जीव टाकायला लागली, फुलं, चिठ्ठ्या, खाऊ पाठवून पाठवून तिला आपलंसं केलं की ही जीव टाकणारी 'स्मॅश्ड' झाली म्हणायचे, हे १८७३ सालच्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या अंकात छापलेलं आहे. त्याच सुमाराला 'मॅश' पण होता, बायकांना भुलवत फिरणारा तो मॅशर. एरिक पार्ट्रिज हे स्लँगचे मोठे कोशकार, त्यांनी क्रश हा या मॅशवरूनच निघाला असावा असं सुचवलंय आणि मलाही ते पटतं, बटाटा मॅश करा नाहीतर क्रश करा, अर्थ शेजारशेजारचेच.

आता माणसालाच क्रश म्हणणं चूक का, तर क्रशच्या या प्रेमाच्या अर्थाची जी सगळ्यात जुनी नोंद दाखवतात ती १८८४ ची, मॉड रिटनहाउस नावाच्या अमेरिकन मुलीच्या डायरीतली, आणि त्यात कुणीतरी रडतंय कारण तिचा क्रश निघून गेला. म्हणजे तिथे क्रश हा माणूसच आहे! त्यामुळे 'ती माझी क्रश' म्हणणाऱ्यांना उगाच कुणी टोकू नये, ते शब्द अगदी बरोबर वापरतायत. 'माझा तिच्यावर क्रश होता' हेही तितकंच बरोबर.

मराठीत भुरळ पडते, जीव जडतो, माणूस घायाळ होतो, पण ज्याची भुरळ पडली त्या माणसाला काय म्हणायचं याला असा सुटसुटीत, लाजत का होईना मैत्रिणीला सांगता येईल असा शब्द आपल्याकडे चटकन सापडत नाही, म्हणून तर क्रश इतका पटकन रुजला.