वाचकांचे प्रश्न : मोझार्टची ४० क्रमांकाची सिम्फनी आणि पेन्सिल

या वेळचे प्रश्न एकाच मूव्हमेंटभोवती (सिम्फनीच्या एका स्वतंत्र भागाभोवती) फिरतात, म्हणून एकत्र घेतले आहेत. मोझार्टने ही जी मायनरमधली (षड्ज जी, गंधार कोमल) सिम्फनी (मोझार्टच्या रचनांच्या सूचीत के. ५५०) जुलै १७८८ मध्ये व्हिएन्नात पूर्ण केली. प्रश्न तिच्या पहिल्या मूव्हमेंटबद्दल आहेत. तिचे बार (मात्रांचे ठरावीक गट) २९९.

प्रश्न : स्कोअर (छापील स्वरलिपी) आहे, रेकॉर्डिंग आहे. परीक्षेसाठी विश्लेषण लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

स्कोअर मिटून ठेवा. पहिल्यांदा नुसतं ऐका आणि घड्याळाकडे बघत तीनच गोष्टी टिपा : संगीत कुठे थांबल्यासारखं वाटलं, ओळखीची थीम कुठे परत आली आणि आपण नेमके कुठे आहोत हे कुठे कळेनासं झालं. मग स्कोअर उघडून त्या वेळांना बारचे क्रमांक द्या.

पहिला घोटाळा इथेच होतो. एक्स्पोझिशन, म्हणजे थीम मांडणारा पहिला भाग, १०० बारचं आहे आणि मोझार्टने ते दोनदा वाजवायला सांगितलंय. काही रेकॉर्डिंगमध्ये ही पुनरावृत्ती असते, काहींत गाळलेली असते. असेल तर डेव्हलपमेंट (थीम मोडून फिरवणारा मधला भाग) साधारण मध्यावर सुरू होते, नसेल तर एक तृतीयांशावर. हे न तपासता दुसऱ्यांदा आलेल्या एक्स्पोझिशनलाच रिकॅपिट्युलेशन (थीम परत येण्याचा शेवटचा भाग) म्हणणारे विद्यार्थी कमी नाहीत.

दुसऱ्या फेरीत फक्त चेलो आणि डबल बासची ओळ ऐका. कॅडेन्स, म्हणजे वाक्य संपल्यासारखे विराम, वरच्या सुरावटीपेक्षा तिथे लवकर सापडतात. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना इथे एक सवय मोडावी लागते : षड्ज मनात धरून बसायचं नाही. इथे षड्जच जागा बदलतो, जीवरून बी फ्लॅटवर जातो, आणि सगळी रचना त्या जाण्यायेण्यावर उभी आहे.

तिसरी फेरी वाद्यांची. कोण वाजवतंय हे सगळेच लिहितात, कोण गप्प आहे तेही लिहा. या सिम्फनीत ट्रम्पेट आणि टिंपनी नाहीतच. त्यामुळे मोठ्या आवाजाच्या जागांनाही ढोलनगाऱ्यांचा थाट येत नाही, त्या धारदार लागतात.

प्रश्न : दुसरी थीम बार २८ ला सुरू होते ना? तिथे जोरात नवी सुरावट येते आणि कीसुद्धा (षड्ज आणि त्याची स्वरपट्टी) बी फ्लॅट मेजर आहे. पुस्तकात मात्र बार ४४ दिलाय.

पुस्तक बरोबर आहे, पण तुमचा कानही चुकलेला नाही. बार २८ ला बी फ्लॅट येतो, पण पक्का होत नाही. तो भाग पुढे ढकलत नेणारा आहे : बार ४२ पर्यंत तो एफवर, म्हणजे बी फ्लॅटच्या पंचमावर, येऊन उभा राहतो आणि सगळा वाद्यवृंद क्षणभर गप्प होतो. त्या शांततेनंतर बार ४४ ला मंद आवाजात, अर्धस्वरांनी उतरणारी थीम येते, आणि तंतुवाद्यं नि सुषिर वाद्यं ती वाटून घेतात. नवी सुरावट आली म्हणजे नवी थीम आली, असं धरू नका. आधी दार बंद झालं का, ते बघा.

खात्री करायची असेल तर रिकॅपिट्युलेशनमध्ये पाहा. बार ४४ ची थीम तिथे बार २२७ ला जी मायनरमध्ये, घरच्या कीमध्ये येते. बार २८ ची सुरावट मात्र बार १९१ ला ई फ्लॅट मेजरमध्ये येते. ती घरी थांबायला आलेलीच नाही.

प्रश्न : दोन हॉर्नच्या ओळींवर वेगवेगळ्या की लिहिल्यात, एकावर ‘बी आल्टो’, दुसऱ्यावर ‘जी’. छपाईची चूक आहे का?

नाही. त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हते. एका नळीतून तिच्या नैसर्गिक स्वरमालेतलेच स्वर नीट निघत. जी हॉर्नला मिळणारा गंधार शुद्ध, म्हणजे बी. जी मायनरला हवा कोमल गंधार, बी फ्लॅट. तो बी फ्लॅटच्या हॉर्नकडून घ्यायचा म्हणून ही जोडी.

यात एक सापळा आहे. जर्मन पद्धतीत ‘बी’ म्हणजे बी फ्लॅट. आपल्या बीला ते ‘एच’ म्हणतात. बी आल्टो हॉर्नचा लिहिलेला सी पूर्ण स्वराने खाली वाजतो, जी हॉर्नचा शुद्ध मध्यमाच्या अंतराने खाली. हे बदल न करता कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ओळखायला बसलात तर प्रत्येक कॉर्डमध्ये एक परका स्वर दिसेल.

प्रश्न : माझ्या स्कोअरमध्ये क्लॅरिनेट नाहीत, मैत्रिणीच्या आहेत.

मोझार्टने नंतर क्लॅरिनेट घालून ओबोच्या ओळी बदलल्या. दोन्ही आवृत्त्या त्याच्याच. कोणती वापरली ते पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न : सगळे बार, की, थीम बरोबर लिहूनही ‘हे वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा मिळाला. फरक काय?

‘व्हायोलिन पहिली थीम वाजवतात’ हे वर्णन झालं. आता तीच जागा नीट बघू. आधी व्हायोलांची (व्हायोलिनहून खालच्या सुराच्या वाद्यांची) धडधडणारी साथ सुरू होते. तीन क्वार्टर नोट (तीन मात्रा) उलटल्यावर व्हायोलिन बारच्या शेवटच्या मात्रेवर शिरतात. ई फ्लॅट-डी-डी, अर्धस्वराची ही छोटी आकृती तीनदा येते, तिसऱ्या वेळी डीवरून बी फ्लॅटवर उडी, आणि मग पायरीपायरीने उतरण. म्हणजे सुरावट अवघी एक उडी घेते आणि ती फेडत खाली येते. साथ आधीच चालू असल्यामुळे आपण मध्येच आत शिरल्यासारखं वाटतं. हे झालं विश्लेषण : काय आहे, आणि त्यामुळे काय घडतं.

डेव्हलपमेंटला हीच कसोटी लावा. थीम एफ शार्प मायनरमध्ये निघते. जीपासून अंतर अर्ध्या स्वराचं, पण की म्हणून फार दूर : कीच्या खुणा दोन फ्लॅटवरून (स्वर अर्ध्याने उतरवणाऱ्या) थेट तीन शार्पवर (चढवणाऱ्या). पुढे ती बासमध्ये जाते, वर व्हायोलिनची धावती ओळ येते. हळूहळू थीम तुटत जाऊन तीन स्वरांचा तुकडाच उरतो. किती तुकडा उरलाय हे प्रत्येक टप्प्यावर नोंदवलंत तर उत्तर आपोआप उभं राहतं.

पण गुण खरे मिळतात ते रिकॅपिट्युलेशनमध्ये, आणि बहुतेक उत्तरपत्रिका तिथेच ‘एक्स्पोझिशनप्रमाणेच’ लिहून मोकळ्या होतात. बार २८ ते ४२ हा जोडभाग १५ बारचा होता. या वेळी जी मायनर सोडायचाच नाही, म्हणजे तो आखूड व्हायला हवा. मोझार्टने तो दुपटीहून लांबवलाय, ई फ्लॅट आणि एफ मायनरवरून फिरवून. बाहेर पडायची वाट उघडी दिसते, पण शेवटी दुसरी थीम जी मायनरमध्येच येते. एक्स्पोझिशनमध्ये जी हळवी वाटली होती तीच आता उदास होते. घडण तीच, गंधार कोमल. दोन्ही रूपं एकाखाली एक लिहून काढा, हा फरक डोळ्यांनाही दिसेल.

प्रश्न : रिकॅपिट्युलेशन बार १६४ ला की १६५ ला?

थीमची सुरुवात १६४ च्या शेवटच्या मात्रेवर आहे, पहिला जोर १६५ वर. कोणताही लिहा, पण कारण द्या. आणि हेही नोंदवा की सुषिर वाद्यांची उतरती साखळी संपायच्या आतच व्हायोलिन शिरतात. सुरुवातीला थीमच्या आधी जी एकटी साथ होती, ती इथे नाही.